वहिनींना दिसलेली सायकल

माझ्या जुन्या सायकलीचे दात गेले आहेत, हे मला प्रथम वहिनींनी सांगितले.

मी रविवारचा आखाड्यावर पोहोचलो होतो. आखाडा म्हणजे आमचे शेतातले राहते ठिकाण. थोरले बंधू आणि वहिनी बारमाही तिथेच असतात. गोठ्याच्या भिंतीला सायकल टेकवून मी माठातले पाणी पीत उभा होतो. वहिनी बैलांपुढे कडब्याची पेंढी टाकून परतल्या, सायकलीपाशी उकिडव्या बसल्या आणि पॅडलच्या चक्रावरून त्यांनी बोट फिरवले. चक्र नवे असते तेव्हा त्याचे दात बुटके आणि ठसठशीत असतात. माझ्या चक्राचे दात झिजून बाभळीच्या काट्यांसारखे झाले होते आणि सगळे एकाच बाजूला कलले होते.

"भावजी, किती वर्षांचं झालं हे जनावर?"

"दहा-अकरा वर्षे सहज झाली असतील."

"मंग बरोबर हाय. जुळून बी लई दिवस झालेत ह्याला."

बैलाचे वय दातांवरून काढतात. दोन दाती, चार दाती, सहा दाती असे करत त्याचे सगळे दात आले की तो जुळला असे म्हणतात. त्यानंतरचा काळ हा झिजण्याचा. वहिनींनी माझ्या सायकलीला त्याच हिशेबाने पाहिले याचे मला तेव्हा हसू आले. पुढच्याच पावसाळ्यात वडेपुरीच्या चढावर, मी पॅडलवर उभा राहून सगळा भार टाकलेला असताना, त्या झिजलेल्या दातांवरून चेन सटकली आणि मी रस्त्याच्या कडेच्या खडीवर उजव्या खांद्यावर आदळलो. हसू विरून गेले.

खांदा सांधायला बरेच दिवस लागले. सायकल दुरुस्तीला नेली तेव्हा कळले की नुसते दात बदलून भागणार नाही. धक्के झेलणारा पुढचा दट्ट्या गंजून बसला होता, पॅडलचा आस खुळखुळत होता आणि सीटखालच्या जोडापाशी नळीला बारीक भेग गेली होती. माझ्या पत्नीने हे सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, त्या सायकलीवर आता बसायचे नाही. दुसरी, नवी घ्यायची असेल तर मी एकट्याने जाऊन घ्यायची नाही.

"वहिनींना संगं न्या," ती म्हणाली. "नाहीतर दुकानदार जी हातात देईल ती घेऊन याल. आणि या खेपेला पडलात, तर सायकलीचं नाव काढायचं नाही घरात. रविवारी बसनं जायचं गावाकडं."

तिचे म्हणणे चुकीचे नव्हते. मला नाही म्हणता येत नाही. मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करतो. मुदत उलटून गेलेले पुस्तक घेऊन कुणी माझ्यापुढे उभा राहिला, तर त्याच्याआधी मीच ओशाळतो. जुनी सायकलही मी तशीच घेतली होती. नांदेडच्या त्या दुकानदाराने ती वरच्या हुकावरून उतरवली, फडक्याने पुसली, चाकांत हवा भरली. मी तिच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभा राहिलो तेव्हा माझ्या टाचा जमिनीला लागत नव्हत्या. ती माझ्याहून उंच माणसाची सायकल होती, हे मला त्याच क्षणी कळले होते. परंतु माणसाने एवढा घाम गाळल्यावर तिला परत वर टांगायला कसे सांगावे, या विचारात मी पैसे देऊन मोकळा झालो. पुढे दर रविवारी हँडलपर्यंत वाकून वाकून माझ्या तळव्यांना मुंग्या येत आणि सोमवारी कार्ड लिहिताना बोटे बधिर असत. माझी बसण्याची ढबच चुकीची असावी, असे मानून मी इतकी वर्षे स्वतःलाच दोष देत राहिलो.

रविवारची ती फेरी मात्र मला सोडवत नव्हती. नांदेड सोडून लोह्याच्या रस्त्याला लागायचे, वडेपुरीला रत्नेश्वरीच्या डोंगराकडे पाहत चढ चढायचा, मग मुख्य रस्ता सोडून काळ्या मातीच्या गाडीवाटेने आत वळायचे. त्या वाटेवर साधी सायकल टिकत नाही. जाड टायरांची, डोंगरी बांधणीचीच लागते. वाटेच्या वळणावर एक चिंच आहे. मी तिथे पोहोचेतो बहुधा वहिनी त्या चिंचेखाली असत. कधी हातात विळा, कधी शेंगांची पाटी. बंधूंशी मी जन्मात फोनवर चार वाक्यांच्या पुढे बोललो नाही, पण त्या ओसरीवर बसून दोघे तासभर काही न बोलता चहा पितो. बसने गेलो असतो तर तेही झाले असते, नाही असे नाही. पण बसने जाणारा माणूस लवकरच एखादा रविवार चुकवतो, मग दोन चुकवतो. मी स्वतःला तेवढा ओळखून आहे.

वहिनींना न्यायचे म्हणजे काय, हे समजायला त्यांना बाजारात पाहिलेले असावे लागते. त्या देगलूरच्या पलीकडच्या, अगदी सीमेवरच्या गावच्या. त्यांचे वडील बैलांचा व्यापार करीत आणि तेलुगू, कानडी, मराठी अशा तिन्ही मुलखांतल्या बाजारांना या मुलीला बरोबर नेत. आमच्या घरी आल्यावर पहिल्याच वर्षी त्यांनी बंधूंनी पसंत केलेली जोडी परत पाठवली होती, अशी आठवण आमची आई हसून सांगत असे. तेव्हापासून बैल वहिनी पाहतात. "मी निस्ता कासरा धरायला जातो," असे बंधू चारचौघांत सांगतात, आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही, हीही मला कौतुकाची गोष्ट वाटते.

एके वर्षी माळेगावच्या जत्रेत मी त्यांच्यासोबत होतो. वहिनी बैलाच्या पाठीवर हात ठेवत, खांदा दाबून पाहत, ओठ उचलून दात बघत, मग धन्याला म्हणत, "जरा चालवून दाखवा." बैल चालू लागला की त्या मागे थांबून त्याचे मागचे पाय कसे पडतात ते निरखत. मला अधिक पाहण्यासारखे वाटले ते त्यांचे नकार. त्या दिवशी त्यांनी कितीतरी बैल नाकारले असतील, पण 'नको' हा शब्द माझ्या कानांवर एकदाही आला नाही. बैल पसंत नसला की त्या त्याच्या वशिंडावर थाप देत आणि म्हणत, "सोन्यासारखा हाय. तुमच्याच दावणीला शोभतो." धनी काय ते समजे. त्याच्या बैलाचा मान राखला जाई, त्याचाही राखला जाई, आणि तो हसतच खुंट्याला बैल बांधी. एकाने तर नकारानंतर आम्हाला चहा पाजला.

आणि पसंत पडला, व्यवहार उरकला, की त्या बैलाच्या मानेवर हात ठेवून एकच शब्द म्हणत: "पद." त्यांच्या माहेरच्या तेलुगूत त्याचा अर्थ चल, निघू या. तो शब्द निघाला की बैल आमचा झाला. त्याआधी पैसे दिलेले असले तरी बंधू कासरा हातात घेत नसत.

आता जिला त्या 'पद' म्हणतील अशी सायकल मला मिळते का, याचीच मला चिंता होती.

नांदेडात दुकाने आहेत, पण तिथले बरेच दुकानदार मला ओळखतात, आणि ओळखीच्या माणसापुढे माझी अधिकच पंचाईत होते. म्हणून लातूरला जायचे ठरले. वहिनींनाही तिकडे डोळे दाखवायचे होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता. मी नांदेडहून बसलो, त्या लोह्याला चढल्या. खिडकीची जागा मिळवून त्यांनी मला शेजारी बसवले आणि अहमदपूर येईपर्यंत सायकलीबद्दल एक अक्षर काढले नाही. रस्त्याकडेच्या रानांतली जनावरे मात्र एकेक करून नावे ठेवत पाहिली, तीही डोळे बारीक करून.

"वहिनी, इतक्या लांबचं दिसतं तुम्हाला?"

"चाल दिसती. तोंड न्हाई दिसत."

डॉक्टरांनी तपासण्यासाठी त्यांच्या डोळ्यांत थेंब घातले. बाहुल्या मोठ्या झाल्या, उन्हाकडे पाहवेना. दोन-चार तास असेच राहील, म्हणून त्यांना काळा चष्मा दिला. ऑपरेशन सुगीनंतर करायचे ठरले. बाहेर आल्यावर मी म्हणालो की सायकलीचे आज राहू द्या, पुन्हा कधीतरी येऊ.

"कामून? डोळे न्हाईत तर न्हाईत, हात हायत ना. चला."

दुकान मोठे होते. मालक चाळिशीचा, पिढीजात सायकलींच्या धंद्यातला. त्याच्या आजोबांनी निजामाच्या काळात सायकली भाड्याने देण्यापासून सुरुवात केली होती, हे त्याने आम्ही टेकण्याच्या आत सांगून टाकले.

"या सर, या मावशी. कुर्सी घ्या, बाहेर ऊन लई हाय."

"बसायला न्हाई आले. सायकली दाखवा."

"कुणासाठी बघून राहिले मावशी? नातवासाठी?"

"हाव. ह्या नातवासाठी," असे म्हणून वहिनींनी काळ्या चष्म्यातून माझ्याकडे हनुवटी केली.

मालक मनापासून हसला. "नातू लई गुणी दिसतो तुमचा. जरा केस पिकलेत, बाकी ठीक हाय."

मग वहिनींनी पाहणी सुरू केली. प्रत्येक सायकलीच्या नळीवरून त्या तळवा फिरवत, टायर दोन बोटांनी दाबत, सीटवर मूठ रोवून ती किती दबते ते पाहत. मागच्या चाकाच्या चकत्यांवर त्यांचा हात गेला तेव्हा त्या थबकल्या. एकावर एक वाढत गेलेल्या दातेरी चकत्या, सर्वांत मोठी तर ताटलीएवढी.

"अगं बया. हे दात हायत का फणी हाय?"

"चढावर कामाला येतात मावशी. मोठी चकती लावली की गाडी दातानं धरून चढते."

"दातानं धरून उतारावर थांबती का ते सांगा."

"त्याला ब्रेक हायत ना. डिस्क ब्रेक. मक्खनसारखे."

"चालवून दाखवा."

मालकाला वाटले मी चालवावी. वहिनींनी मान हलवली. सायकल त्यानेच हाताला धरून गल्लीच्या टोकापर्यंत नुसती चालवत न्यायची आणि परत आणायची होती. त्याने तेही केले, एकदा नव्हे, चार वेगवेगळ्या सायकलींसह. वहिनी दाराच्या सावलीत उभ्या राहून पाठमोरी सायकल जाताना पाहत होत्या. शेजारच्या टायरवाल्याने ओरडून विचारले, "काय मालक, वरात काढून राहिले काय?" मालक ओरडला, "चूप रे. गिऱ्हाईक पारखी हाय."

त्या गडबडीत माझ्यावर कुणाचेच लक्ष नव्हते, आणि कुणाचे लक्ष नसले की मी बरा वागतो. भिंतीशी एक राखी रंगाची सायकल उभी होती. तिच्याकडे कुणी पाहिले नसते अशी. मी तिच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभा राहिलो. टाचा फरशीवर पूर्ण टेकल्या, आणि मांड्यांमध्ये व आडव्या नळीमध्ये चांगले चार बोटे अंतर उरले. मालकाची परवानगी घेऊन मी ती मागच्या बोळात फिरवून आणली. हँडल धरल्यावर माझी कोपरे किंचित वाकलेली राहिली. ही गोष्ट फार लहान आहे, परंतु इतकी वर्षे हात ताठ ताणून सायकल चालवलेल्या माणसाला तिचे मोल कळेल. खड्ड्यातून गेलो तेव्हा पुढचा दट्ट्या दबला आणि पुन्हा वर आला. धक्का खांद्यापर्यंत आला नाही. चूक माझ्या ढबीत नव्हती, हे मला त्या बोळात, एका गटाराच्या झाकणावरून जाताना उमगले.

मी आत आलो तेव्हा वहिनींनी निवड केलेली होती.

ती सायकल छताच्या हुकाला टांगलेली होती आणि मालक स्टुलावर चढून तिला उतरवत होता. लालभडक, उंच, मोठ्या चाकांची. खरोखर देखणी होती. उतरवल्यावर मालकाने ती फडक्याने पुसली, चाकांत हवा भरली. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"ही," वहिनी म्हणाल्या. "ही घ्या भावजी. हिच्यावर डौल हाय."

"मावशीची नजर!" मालक म्हणाला. "दुकानात एकच पीस हाय ह्या रंगाचा. बसून बघा सर."

मी पाय टाकला. टाचा उचलल्या गेल्या. हँडलपर्यंत हात पुन्हा ताठ झाले. सर्व काही जसेच्या तसे परत आले होते: हुक, फडके, हवा, घाम. त्यात आणखी भर म्हणजे यावेळी पसंती वहिनींची होती, ज्यांची पसंती आमच्या घरात कुणी कधी मोडली नव्हती. माझ्या तोंडून "छान आहे" असे निघूनही गेले. मालकाने पावतीपुस्तक ओढले.

खोटे कशाला सांगू, त्या क्षणी मला पत्नीची अट आठवली नाही की तळव्यांच्या मुंग्या आठवल्या नाहीत. मला चिंचेचे वळण दिसले आणि मी मुख्य रस्त्यावरच्या बसच्या खिडकीतून ते लांबूनच पाहतो आहे असे दिसले. ही सायकल घेतली तर मी पुन्हा कुठेतरी पडणार होतो आणि मग रविवार संपणार होता. 'नाही' म्हणायलाच हवे होते. कसे म्हणावे, हे मी या आयुष्यात एकाच व्यक्तीकडून पाहिले होते, आणि ती माझ्या शेजारीच काळा चष्मा लावून उभी होती.

मी सायकलीच्या सीटवर थाप दिली आणि घसा साफ करून म्हणालो, "सायकल सोन्यासारखी आहे. तुमच्याच दुकानाला शोभते."

मालकाचा चेहरा उजळला. "शुक्रिया सर! मग बिल कुणाच्या नावानं करू?"

वहिनींच्या ओठांचा कोपरा हलल्याचे मला वाटले, पण खात्रीने सांगता येणार नाही. मी एकदा जमिनीकडे पाहिले, एकदा पावतीपुस्तकाकडे. आता दुसरा कोणताच शब्द शिल्लक नव्हता.

"नको," मी म्हणालो. "ही मला मोठी होते. मला ती भिंतीजवळची राखी हवी."

मालक गोंधळून वहिनींकडे वळला. "मावशी, काय करू?"

"मला कामून विचारता? बसायचं त्यांना हाय," वहिनी म्हणाल्या, आणि उन्हात बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. मालकाने लाल सायकल पुन्हा हुकाला टांगली. तो नाराज झाला नाही, उलट राखी सायकलीची सीट माझ्या मापाला त्याने स्वतः बसवून दिली, आणि दोन दिवसांत टेम्पोने नांदेडला पोहोचवतो म्हणाला. सर्व काही नीट झाले होते. फक्त वहिनींनी त्या सायकलीला हातही लावला नव्हता आणि 'पद' म्हटले नव्हते.

बसस्थानकाजवळच्या रसवंतीत आम्ही बसलो. त्यांनी रसाचा ग्लास हातात धरून ठेवला होता. मी क्षमा मागितली. थोड्या वेळाने दुसऱ्या शब्दांत पुन्हा मागितली. जन्मभर कुणाला नाही म्हणू शकलो नाही, आणि म्हटले ते नेमके त्यांना, हे मला फार लागले होते. तिसऱ्यांदा बोलायला तोंड उघडले तेव्हा त्यांनी ग्लास टेबलावर ठेवला.

"रस प्या आधी. बर्फ वितळून राहिला."

"तुम्ही इतकं पारखून निवडली होती, वहिनी."

"काय पारखलं? तिला ना खांदा, ना पाठ. सायकलीतलं मला घंटा कळतंय."

"मग तो हात फिरवून पाहत होतात ते?"

"हात हाय, फिरवला. तिथवर गेल्यावर काय तोंड पाहत बसू?" त्यांनी चष्मा नीट केला. "भावजी, खरं सांगू का? डोळ्यात औषध घातल्यापून मला काय दिसतच न्हवतं. सायकली बी धुरकट, दुकानवाला बी धुरकट, तुम्ही बी. तेवढी एक लाल दिसून राहिली. मंग म्हटलं, औषध घातलेल्या डोळ्याला दिसती, तर आखाड्यावरून बी दिसल."

मला नीट कळले नाही. तसे मी म्हणालो.

"चिंचेखालून," त्या म्हणाल्या. "तुम्ही पडले त्या दिवशी मी तिथंच उभी होते. दुपार टळली तरी. तुमच्या दादाला म्हणले, येतीलच. आता वाटंनं काळा ठिपका येताना दिसतो, पर तो तुम्ही हाय का कुणाची मोटारसायकल, ते पार जवळ येईस्तोवर कळत न्हाई. तवर जीव टांगणीला."

इतकी वर्षे मी त्या विळ्याकडे आणि शेंगांच्या पाटीकडे पाहिले होते. कुणाला आपल्यामुळे कोठे त्रास झाला असेल, याचा शोध घेण्यात मी माझे अर्धे आयुष्य घालवले आहे. आणि जिथे कुणी खरोखर माझ्यासाठी उन्हात थांबत होते, ते वळण मी दर रविवारी हसतमुखाने ओलांडत होतो. मी तत्काळ उठलो. म्हणालो, चला, अजून वेळ आहे, परत जाऊ आणि लालच घेऊ.

"बसा खाली," वहिनींनी माझी बाही धरली. "जन्मात एकदा नको म्हणाले, ते बी वापस घेता का?"

मी बसलो. मग त्यांना अचानक हसू आले, आणि ते थांबेना. "तुमच्याच दुकानाला शोभती म्हणं! त्यो बिचारा बिल फाडायला लागला. अहो, बाजारातली बोली ती, बाजारवाल्यालाच कळती. दुकानात निस्तं नको म्हणावं." हसता हसता डोळ्यांतून पाणी आले तेव्हा त्यांनी काळा चष्मा काढला, आणि उजेड सहन न होऊन पुन्हा लावला. शेजारच्या बाकावरचे लोक आमच्याकडे पाहत होते. मला पहिल्यांदाच त्याचे काही वाटले नाही.

पुढच्या रविवारी मी राखी सायकलीवर निघालो. वडेपुरीच्या चढावर, माझी चेन सटकली होती तिथे, मी आधीच वेग कमी केला. मोठी चकती लावली आणि बसूनच पॅडल मारत राहिलो. दाताला दात लागून चेन शांतपणे फिरत होती. चढ संपल्यावर लक्षात आले की मी उठून उभाच राहिलो नव्हतो. तळव्यांना मुंग्या नव्हत्या.

गाडीवाटेला लागलो. वहिनी चिंचेखाली होत्या. हाताचा आडोसा डोळ्यांवर धरून पाहत होत्या. मी हात हलवला. त्या तशाच उभ्या. मी बराच जवळ आलो तेव्हा त्यांनी परक्या माणसाला विचारावे तसे विचारले, "कोण हाय?"

"मी आहे, वहिनी."

"आलात व्हय," त्या म्हणाल्या आणि पाटी उचलून चालू लागल्या. पाटी रिकामी होती.

आखाड्यावर त्या थेट गोठ्यात गेल्या आणि बैलांच्या जुन्या घुंगरमाळेतले एक घुंगरू सोडवून घेऊन आल्या. चामड्याच्या वादीने ते त्यांनी माझ्या हँडलला आवळून बांधले आणि सायकल हलवून पाहिली. खणखणीत वाजले.

"दिसंना तर ऐकू तरी येईल," त्या म्हणाल्या.

बंधू ओसरीवरून पाहत होते. "आता पोळ्याला शिंगं बी रंगव त्याची," ते म्हणाले. त्या रविवारी ते एवढेच बोलले. जुनी सायकल गोठ्याच्या भिंतीला, पूर्वीच्याच जागी टेकलेली होती. मी ती भंगारात द्यायचे म्हणालो होतो, पण दात गेलेले जनावर आमच्या दावणीवरून कुणी काढत नाही, असे सुनावून वहिनींनी ती बसच्या टपावरून आखाड्यावर मागवून घेतली होती. तिच्या सीटवर आता कोंबडी बसते.

परत निघताना वहिनींनी नव्या सायकलीच्या नळीवर हात ठेवला. या वेळी डोळ्यांत औषध नव्हते. त्यांनी ती वरपासून खालपर्यंत पाहिली, माझ्या टाचांकडे पाहिले, मग माझ्या कोपरांकडे.

"पद," त्या म्हणाल्या.

ते घुंगरू नांदेडच्या रस्त्यांवर फार वाजते. मी जन्मभर आवाज न करता वावरलेला माणूस. आता सिग्नलला थांबलो की लोक वळून बघतात, बैलगाडी कुठून आली म्हणून. महाविद्यालयातल्या पहारेकऱ्याने एकदा विचारले, "सर, काहीतरी ढिलं झालं वाटतं, काढून देऊ का?" मी त्याला राहू दे म्हणालो.

सुगीनंतर वहिनींचे ऑपरेशन झाले, आधी एक डोळा, मग दुसरा. त्यानंतरच्या एका रविवारी मी गाडीवाटेला वळलो तेव्हा त्या कितीतरी लांबूनच हात हलवताना दिसल्या. मी पोहोचल्यावर म्हणाल्या, "वळणाच्या अलीकडंच ओळखलं की. अंगातला सदरा बी दिसला, बटण तुटलेला. आता काढा ते घुंगरू, लोकं हसत असतील."

त्यांनी वादीच्या गाठीला हात घातलाही होता.

"नको," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे नव्या डोळ्यांनी थोडा वेळ पाहिले आणि हात काढून घेतला.